खांबाची बोली

एकदा एक वृद्ध कलापारखी आपल्या शिष्याला घेऊन एका मोठ्या हॉटेलात चित्रांच्या लिलावाला गेला. लिलाव आफ्रिकेतल्या आधुनिक चित्रांचा होता. वृद्धाची कीर्ती मोठी होती आणि एक खोड कीर्तीहून मोठी होती: सांगायची गोष्ट तो वेळेवर कधीच सांगत नसे. उशिरा सांगितली की तिचा उपदेश होतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हातारी माणसं बहुधा याच भांडवलावर जगतात.

शिष्य कला महाविद्यालय अर्ध्यात सोडून आलेला. "आफ्रिकेत काय, मुखवटे आणि भाले. चित्रकला झाली ती युरोपात," असं एक प्राध्यापक भर वर्गात म्हणाला. याने उभं राहून वाद घातला, वर्ग हसला, आणि हा जो बाहेर पडला तो परत गेलाच नाही. वडिलांनी बोलणं टाकलं. आता एका सूतगिरणीवाल्या शेठजींनी त्याला शब्द दिला होता. तू निवडलेलं एक चित्र या लिलावात, मी ठरवलेल्या रकमेच्या आत मिळवून दाखव. माझं नवं चित्रदालन तुझ्या हाती देतो. नाही जमलं तर तू तुझ्या वाटेने जा.

शिष्याने घाना देशातल्या एका चित्रकर्तीचं चित्र निवडलं. देश नुकता स्वतंत्र झाला होता तेव्हाचं. निळी भिंत, शिवणाचं मशीन, आणि मशीनच्या पायडलवर एका बाईचं पाऊल. बाकीची बाई चौकटीबाहेर. लिलावाआधी चित्रं पाहायला ठेवली होती, तेव्हा तो रोज तिथे उभा राही आणि मनातल्या मनात त्या प्राध्यापकाला भाषण ठोकी. वृद्ध तेवढा वेळ कोचावर डुलक्या घेई, नाहीतर हॉटेलच्या वाडग्यातल्या गोळ्या खिशात भरी.

लिलावाच्या दिवशी दारातच तो प्राध्यापक दिसला. हातात कॉफी, तोंडात बिस्कीट. शिष्याचे कान तापले. न पाहिल्यासारखं करून तो आत गेला आणि पहिल्या रांगेत शेठजींशेजारी ताठ बसला. वृद्ध मागाहून, सावकाश आला.

चित्राची पाळी आली. शिष्याने नंबराची पाटी उचलली. लिलावदाराने मान तुकवली आणि लगेच त्याच्या डोक्यावरून मागे पाहिलं.

"मागे, डावीकडून बोली आहे!"

वळून बघायची गरज नव्हती. बिस्कीट चावणारं ते तोंड शिष्याला पाठीनेच दिसत होतं. पाटी वर. "पुन्हा मागे!" पाटी वर.

"कोण आहे रे?" शेठजी कुजबुजले.

"आहे एक. त्याला मिळू द्यायचं नाही."

"अस्सं? मग सोडू नकोस!" शेठजींनाही चेव आला.

शेठजींची मर्यादा आता एका बोलीवर आली होती. तेवढ्यात वृद्ध गुडघ्यांवर हात टेकत उठला, मागे वळला, आणि सभागृहाच्या डाव्या कोपऱ्याला कमरेतून वाकून त्याने नमस्कार केला.

"नमस्कार, महाराज," तो मोठ्याने म्हणाला. "बराच दम आहे आपल्यात."

सगळं सभागृह वळलं. शिष्यही वळला. कोपऱ्यात एक खांब होता. खांबापाशी रिकाम्या खुर्च्या. माणूस नव्हता.

लिलावदाराने घसा खाकरला. "बोली मागची आहे. पुढे कुणी?"

शिष्याला काही कळेना. मागची म्हणजे कुणाची? प्राध्यापक गेला कुठे? आणि सगळ्यांत विचित्र हे, की हात वर जाईना. क्षणापूर्वी ज्याच्यासाठी जीव दिला असता, ते चित्र हेच का?

शेठजी कानाशी आले. "दुसरं कोणी घेणारंच नाही? मग आपण कशाला घेतोय?"

शिष्याच्या मनात नेमकं तेच आलं होतं. त्याची त्याला लाज वाटली. हातोडा पडला. चित्र न विकता मागे गेलं.

बाहेरच्या मोकळ्या जागेत शिष्य वृद्धावर तुटून पडला. "वाट लावलीत माझी! कुणाला नमस्कार केलात तो?"

"ज्याच्याशी तू लढत होतास त्याला. खांबाला." वृद्धाने खिशातून गोळी काढून तोंडात टाकली. "चित्र विकणाऱ्याने एक किंमत मनाशी धरलेली असते, तिच्याखाली द्यायचं नाही. तिथवर गाडी ढकलायला लिलावदार स्वतःच बोली उठवतो आणि बघतो मात्र मागे, कुणीतरी आहे अशा थाटात. धंद्यात हे चालतं. जाणते एकदा वळून बघतात."

"आणि तो प्राध्यापक?"

"कॉफी संपली, घरी गेला. दारात तुझं नाव सांगितलं मी त्याला. त्याला आठवेना."

शिष्याचा चेहरा उतरला.

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"येत होतं," म्हातारा निर्लज्जपणे म्हणाला. "तू म्हणाला असतास, मला माहीत आहे. तुझ्या पाठीमागे कोणी नाही, बाळा. बरेच दिवस झाले, कोणी नाही. आता सांग. चित्र हवंय का तुला?"

शिष्याच्या जिभेवर एक शिवी तयार होती. ती गिळून तो मागच्या खोलीत गेला. दोन हमाल चित्रावर घोंगडी टाकत होते.

"थांबा जरा."

त्याने पाहिलं. बाईची टाच उचललेली होती. ती मशीन चालवत नव्हती, थांबली होती. धागा तुटला? कुणी हाक मारली? दमली? कळत नव्हतं, आणि नजरही हलत नव्हती. इतके दिवस इथे उभा राहून त्याने ही टाच पाहिलीच नव्हती.

शेठजी गाडीत बसत होते. शिष्य धावत गेला. "शेठजी, ते चित्र घ्या. विकलं गेलं नाही, ते अजून मागता येतं."

"दुसरं कोणी मागतंय?"

"नाही."

"मग?"

"शिवता शिवता ती थांबलीय. का, ते मला कळत नाही. रोज बघावंसं वाटतं."

शेठजी गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. "माझ्या गिरणीत कुणाचा पाय थांबला तर मी आधी ओरडतो," ते म्हणाले. "मग विचारतो, काय झालं. चल, दाखव. आणि भाव पाडून माग हं, दालनवाले. गिऱ्हाईक आपण एकटेच आहोत."

शिष्य पुढे झाला. सभागृहातून जाताना त्या खांबापाशी सवयीने त्याचे खांदे ताठ झाले, कुणी मागून बघत असावं तसे. मग त्याने ते सैल सोडले.