सतरा शालींचा माहूत

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ही खूप खूप जुन्या काळची गोष्ट आहे. एका राज्यात एक राजा होता. स्वभावाने चांगला, पण चाकरांनी पगारवाढीचं नाव काढलं की त्याला सत्कार सुचायचा. दर दसऱ्याला तो त्यांना दरबारात बोलवी, शाल पांघरवी, हातात नारळ देई आणि चार शब्द गोड बोले. पगार मात्र त्याच्या आजोबांनी ठरवला होता तेवढाच.

राजाचा लाडका हत्ती सांभाळणाऱ्या माहुताला अशा सतरा शाली मिळाल्या होत्या. "महाराज, ज्वारी तिप्पट महागली, पगाराचं बघा की," असं तो दरवर्षी हात जोडून म्हणे. राजा त्याच्या पाठीवर थाप मारी. "अरे, तू तर घरचा माणूस!" घरच्या माणसाच्या घरात काय शिजतं, हे बघायला मात्र तो कधी गेला नाही.

एकदा राजा साध्या वेशात शेजारच्या राज्यातल्या बाजारात गेला आणि जागीच थिजला. एका दुकानात त्याच्याच जरीकाठी शाली रचून ठेवल्या होत्या. शे-दीडशे तरी असतील!

"कुणी चोरल्या या?" राजा ओरडला.

"चोरीच्या कशाला असतील, पाव्हणं?" दुकानदार म्हणाला. "तिकडच्या राजाची माणसं दसरा झाला की आणून देतात. शालीला दोन पायल्या ज्वारी. पगारात भागत नाही बिचाऱ्यांचं."

 राजा तडक माहुताच्या घरी आला. माहुताची बायको दारात बोचकी बांधत होती.

"मी दिलेला मान विकलात तुम्ही?" राजाने विचारलं.

"विकला, महाराज. शाल शिजत नाही."

राजा शरमेने काळवंडला. "उद्यापासून दुप्पट पगार!" तो घाईघाईने म्हणाला.

"ह्यांनी सतरा वर्षं मागितला, तेव्हा द्यायचा होता. आता शेजारच्या राजाची चाकरी धरलीय ह्यांनी. तिथं धान्य महागलं की पगार वाढतो, हात जोडावे लागत नाहीत."

माहूत निघून गेल्यावर हत्तीने नव्या माहुताला जवळ फिरकू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने साखळदंड तोडला आणि शेजारच्या राज्याची वाट धरली. राजा वेशीपर्यंत हाका मारत धावला, पण हत्तीने वळूनही पाहिलं नाही. तेव्हा कुठे बाकीच्या चाकरांचे पगार वाढले.

तात्पर्य : राबणाऱ्याला वेळेवर वाढ देणं हे धन्याचं कर्तव्य आहे, मानसन्मानाने त्याची भरपाई होत नाही.