झुळूक घोडी आणि घाईची ओवी

एक होतं वाळवंट, आणि त्या वाळवंटाला होता एक राजा. राजाच्या मुलखात पाणी फार थोडं. एकदा काय झालं, राजानं दवंडी पिटवली. जो स्वार एका दिवसात सगळ्यांच्या आधी वाळवंट पार करील, त्याच्या गावात राजा विहीर खोदून देणार.

मग हमीर निघाला. त्याच्या गावच्या बायका तीन कोसांवरून पाणी आणायच्या, त्याची बहीणसुद्धा. त्याची घोडी होती झुळूक. ती बोलायची, बरं का, पण फक्त हमीरशी.

त्या मुलखाची एक रीत होती. टप्पा संपला की स्वारानं घोड्याच्या छातीवर हात ठेवायचा आणि एक ओवी म्हणायची, अगदी सावकाश. ओवी संपेपर्यंत वीसच्या आत ठोके पडले तर निघायचं. जास्त पडले तर थांबायचं. बघायला कुणी उभं नसायचं. ज्यानं त्यानं आपलं ओळखायचं.

पहिला टप्पा दगडगोट्यांचा. पहाटेचा गारठा, पण दगडांना धार. हमीर खाली उतरून पायी चालला. झुळूक म्हणाली, किती जपता हो मला. ठोके पडले सोळा.

मग आल्या वाळूच्या टेकड्या. ऊन चढलं, वारा सुटला, वाळू डोळ्यांत जाऊ लागली. पाय गुडघ्यापर्यंत रुतायचे. तिथे ठोके उतरेपर्यंत हमीर दोन ओव्या थांबला, आणि बाकीचे सगळे पुढे गेले.

तिसरं होतं मिठाचं मैदान. ऐन दुपार, पांढरंफटक, सावली म्हणून नाही. बघतो तर सगळे स्वार काठावरच थांबलेले. कुणाच्याच घोड्याचे ठोके उतरत नव्हते. हमीरच्या मनात आलं, आत्ता निघालो तर विहीर आपलीच. त्यानं ओवी म्हटली. ठोके अठ्ठावीस. पुन्हा म्हटली. पंचवीस. मग तिसऱ्यांदा त्यानं ती भरभर म्हटली. अठरा.

शेजारी पेमाबाई नावाची म्हातारी स्वार बसली होती. ती म्हणाली, "लेकरा, तुझ्या ओवीचा मुहूर्त टळतोय का?"

हमीर म्हणाला, माझी ओवी अशीच असते. आणि त्यानं टाच मारली.

मैदानावर मिठाचा पापुद्रा फुटायचा, खूर आत जायचे, खालून वाफ यायची. अर्ध्या वाटेत झुळूक गुडघ्यांवर बसली. हमीरनं पखालीतलं सगळं पाणी तिला पाजलं, पागोटं सोडून तिच्यावर धरलं.

ती हळूच म्हणाली, "धनी, ओवी मलाही येत होती."

हमीर तिची मान मांडीवर घेऊन बसला.

ऊन कललं तशी पेमाबाई आली. तिनं आपलं अर्धं पाणी झुळकीला दिलं आणि पुढे जाऊन तीच पहिली आली. विहीर तिच्या गावात झाली. तिनं ती सगळ्यांना मोकळी ठेवली. हमीरच्या गावाला ती कोसभरच पडायची. बायकांचे कष्ट कमी झाले, त्याची बहीण हसू लागली.

झुळूकही जगली, बरं का. तिला दोन शिंगरं झाली. फक्त ती पुन्हा कधी बोलली नाही. हमीर रोज सकाळी तिच्याजवळ जाऊन म्हणायचा, चुकलो गं. ती त्याच्या खांद्यावर मान ठेवायची. बस, तेवढंच.

असे ते सगळे सुखानं राहिले, आणि हमीरही राहिला. आता पांघरूण घ्या आणि डोळे मिटा, बाळांनो.