कोरडा पंचा

एकदा एका तालुक्याच्या प्रसूतिगृहात कुंदा नावाची एक विद्यार्थिनी परिचर्येचे शिक्षण घेत होती. पाठांतरात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिच्या गुरू, वृद्ध परिचारिका द्वारकाताई, एका दुपारी तिची वही चाळत म्हणाल्या, "‘स्टिम्युलेटिंग’ म्हणजे काय गं?"

"उत्तेजन देणारे, कृतीस प्रवृत्त करणारे!" कुंदा एका दमात म्हणाली.

"अर्थ झाला. उपयोग सांग."

कुंदा वहीत डोकावू लागली. तेवढ्यात प्रसूतीच्या खोलीतून हाक आली आणि दोघी धावल्या.

बाळ जन्मले, पण रडेना. देह निळसर, निपचित. दाराबाहेर बाळाच्या आजीने, ते रडावे म्हणून, रीतीप्रमाणे थाळी बडवायला घेतली. बाळंतीण पुन्हा पुन्हा विचारू लागली, "माझं लेकरू रडत का नाही हो?" कुंदाने घाबरून बाळाचे पाय धरले. उलटे धरून चापट मारायची, असेच तिने गावी पाहिले होते.

"अगं, मारतेस काय त्याला!" ताईंनी तिच्या हाती कोरडा पंचा दिला आणि चक्क मागे सरकल्या. श्वास देण्याचा फुगा मात्र त्यांनी तयार धरला होता. "पूस. पाठ चोळ. तळव्यांना टिचक्या मार."

"ताई, मी?"

"तूच. लाग कामाला!"

थरथरत्या हातांनी कुंदा पाठ चोळू लागली. एकदा, दोनदा, तीनदा. इवलीशी छाती हलली, ओठ विलग झाले, आणि काय सांगावे! खोली दणाणून सोडणारा टाहो उमटला. क्षणापूर्वी जिथे काहीच नव्हते तिथे एवढा आवाज आला कुठून? निळा देह पाहता पाहता तांबूस झाला. बाहेरची थाळी थांबली. आई हसत रडू लागली.

"ताई, मी त्याला श्वास दिला!"

"नाही गं बाई. श्वास त्याचाच. ज्याचं काम त्यानंच करायचं असतं. आपण त्याला मायेनं हलवून जागं करायचं आणि हात काढून घ्यायचा. हा तुझ्या शब्दाचा उपयोग."

"पण तुमचे हात इतके सराईत. तुम्हीच का नाही केलंत?"

ताईंनी फुगा जागेवर ठेवला. "या खोलीत गारठलेली दोघं होती, कुंदा. एकाला पंचा लागला. दुसरीला नुसतं ‘लाग कामाला’ म्हटलं, तेवढं पुरलं."

कुंदाने आपल्या हातांकडे पाहिले. ते आता थरथरत नव्हते.