धाकूने गाडी लावली

समुद्राकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे कसा? सांगाल ते ऐकायचा, आणि तेवढंच ऐकायचा. सगळा जन्म माडांच्या बागेत गेलेला. एकदा त्याच्या सुंदरामावशीने पर्यटकांना वाळूवर फिरवायची जाड चाकांची गाडी घेतली आणि चालवायला बसवलं कोणाला? धाकूला. घ्या!

पहिल्याच दिवशी धाकूने ती भर बाजारातून भरधाव पळवली. कोळणींच्या टोपल्या उडाल्या, बांगडे गटारात गेले. साळसकर हवालदारांनी त्याचा कान धरला.

"ही गाडी रस्त्यावर आणायला कायद्याने बंदी आहे. वाळूवरच चालवायची. कळलं?"

"कळलं, साहेब."

दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरायचं होतं. धाकूने घमेल्याने वाळू वाहिली, किनाऱ्यापासून पंपापर्यंत रस्त्यावर पसरली आणि ऐटीत निघाला. मागच्या स्कूटरी धडाधड आडव्या झाल्या. हवालदारही घसरले.

"गाढवा! न्यायचीच तर टेम्पोत चढवून न्यायची! इंजिन बंद. चाक जमिनीला टेकता कामा नये!"

"असं होय! मग आधी नाही का सांगायचं?"

मग किनाऱ्यावर एक नवं जोडपं आलं. धाकूने शेजाऱ्याचा टेम्पो मागून आणला, त्यात गाडी चढवली, गाडीवर जोडप्याला बसवलं आणि इंजिन बंद केलं. गाडी उभी, टेम्पोही उभा. बऱ्याच वेळाने नवरा म्हणाला, "अहो, निघायचं कधी?"

"छे छे! चाक टेकता कामा नये."

जोडपं उतरून चालू लागलं. मावशीने कपाळावर हात मारला. तेवढ्यात हवालदारांचा निरोप आला. सांजेला मोठे साहेब येणार. गाडी किनाऱ्यावर शिस्तीत लावलेली दिसली तर सोडतील, नाहीतर जप्त करतील. मावशीने धाकूचे दोन्ही हात धरले. त्या गाडीवर तर तिचं घर चालायचं होतं.

"धाकू, पाया पडते रे तुझ्या. आता चालवू नकोस. नुसती लाव. तिकडे सुरूच्या झाडाच्या सावलीत. आणि सरळ लाव हं, तिरकी नको!"

धाकूचा चेहरा खुलला. "लावण्यात आपला हात कोण धरणार, मावशी?"

सांजेला साहेब जीपने आले आणि आधी मावशीकडे चहाला थांबले. मग हात जोडून मावशी त्यांना सुरूखाली घेऊन गेली. तिथे एक भलामोठा खड्डा बुजवून वर छान आळं केलेलं. आळ्यातून दोन जाड चाकं आभाळाकडे निघालेली. आणि धाकू झारीने पाणी घालत होता.

मावशी ओरडली, "मेल्या, काय केलंस हे!"

"लावली की! अगदी सरळ. बुडाशी मासळीचं खतही घातलंय."

साहेबांनी वाकून एक चाक हलवून पाहिलं. मावशी रडायला लागली तसा धाकू तिच्याजवळ आला आणि मायेने म्हणाला, "रडतेस कशाला? ही एक नेतील तर नेऊ देत. मी दुसरीकडे फांदी लावून ठेवलीय."

आणि त्याने पलीकडच्या छोट्या आळ्यात रोवलेला साहेबांच्या जीपचा आरसा दाखवला.