पहिल्या चिकाची कहाणी

ऐका सटवाईबाई, तुमची कहाणी. एक होतं आटपाट नगर. उंच उंच इमारती, त्यांच्या मागं नाला, नाल्याकाठी पत्र्याची वस्ती. तिथं केवळा नावाची सून राही. नवरा गवंड्याच्या हाताखाली जाई, ती इमारतींत धुणीभांडी करी. घरात सासू गयाबाई.

केवळाला पहिली लेक झाली. सासू म्हणाली, पहिलं दूध पिवळं, ते लेकराला बाधतं. मग चीक पिळून मोरीत टाकला. मग मधाचं बोट चाटवलं. मग केवळा कामाला लागली, घरी डब्याचं दूध आलं, डबा पुरावा म्हणून त्यात पाणी वाढलं. लेक सुकली, तिला ढाळ लागले, आणि एके दिवशी तिनं डोळे मिटले.

पुढं केवळाला पुन्हा दिवस गेले. नळावर एक म्हातारी आली, तहानेनं कासावीस. केवळानं आपला नंबर सोडून तिला पाणी दिलं. म्हातारी म्हणाली, "बाई बाई, वसा घे." "घेईन. पण वसा कसला?" "पहिला चीक टाकू नये. सहा महिने लेकराला अंगावरच पाजावं, वर पाण्याचा थेंब देऊ नये. रडेल तेव्हा हातचं काम सोडावं." "त्यानं काय होतं?" "सुकलं अंग भरतं, रडतं लेकरू हसतं." इतकं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली. ती सटवाईच होती.

नऊ मास भरले, दुसरी लेक झाली. सासू चीक पिळायला वाटी घेऊन आली. केवळानं लेक पदराखाली घेतली. म्हणाली, "आत्याबाई, पहिलीच्या वेळी मी तुमचं ऐकलं. हिच्या वेळी माझं ऐका." सासू रुसली, दारात जाऊन बसली, जेवली नाही. लेक मात्र पोटभर प्याली.

पुढं केवळा कामावर गेली. लेक रडू लागली. सासूनं साखरेचं पाणी केलं, चमचा ओठांशी नेला, आणि तिला थोरली आठवली. चमचा खाली ठेवला, नातीला खांद्यावर घेतलं, उन्हातून चालत इमारतीच्या फाटकाशी गेली. राखणदारानं अडवलं. सासू तिथंच बसली, सुनेला निरोप धाडला. केवळा साबणाच्या हातांनी खाली आली, जिन्याखाली बसून लेकीला पाजलं. मालकीण रागावली, ते घर सुटलं. केवळानं दुसरं धरलं, पण वसा टाकला नाही. सासू रोज दुपारी नातीला नेई, रोज आणी. लेक बाळसं धरू लागली.

पुढं शेजारची सून बाळंत झाली. जाणती म्हणून गयाबाईला बोलावणं आलं. चीक टाकायचा ना, म्हणून बायांनी विचारलं. गयाबाईनं चिकाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "टाकू नका गं. आमची थोरली अशानंच गेली." आणि तिनं आपल्या हातानं लेकरू आईच्या छातीशी लावलं.

जशी सटवाई केवळाला पावली, सासूला उमजली, तशी घरोघरच्या लेकुरवाळ्यांना पावो, कुणाचा पान्हा आटू न देवो. ही पुष्कळ उत्तरांची कहाणी थोडक्या उत्तरीं सांगून सुफळ झाली.