रिकाम्या खुर्चीवरचा पंखा

वस्तू बोलत आणि माणसं निमूट ऐकत, त्या काळी एका नगरपालिकेत साहेबांच्या खुर्चीच्या वर एक म्हातारा पंखा होता. “इथं सगळ्यात जास्त काम मीच करतो!” असं ऐटीत सांगून तो लगेच खिदळायचा, “खाली कुणी नसतं म्हणा!” साहेब गावभर हिंडत. पण पंखा गरगरतोय म्हणजे साहेब इथंच कुठंतरी असणार, असं समजून लोक ताटकळत बसत.

पुढं नगरपालिकेनं भिंतीवरच्या बटणताईला वीज वाचवायच्या वर्गाला धाडलं. ती ऊर्जा व्यवस्थापक होऊन परतली. आल्या आल्या तिनं पंख्याखाली कोण बसलंय ते पाहिलं आणि खटकन त्याला थांबवलं.

“अगं, थांबलेला दिसलो तर मला भंगारात घालतील!” पंखा गयावया करू लागला.

पंखा थांबला तशी खुर्ची रिकामीच आहे, साहेब आलेलेच नाहीत, हे लोकांना उमगलं. बोंबाबोंब झाली. साहेब धापा टाकत येऊन बसले, तेव्हा कुठं बटणताईनं पंखा लावला. साहेबांचे उरलेसुरले चार केस आपल्या वाऱ्यानं उडताना पाहून म्हातारा सुखावला. तरी गप्प बसेल तर शपथ!

“काय गं, नुसतं खालीवर व्हायला एवढं शिकावं लागतं?”

“आजोबा, इतकी वर्षं खुर्चीला घाम येत होता का?”