छाट बिड्यांचं सूप

सोलापुरात माणकशेठचा बिडी कारखाना होता. घरी वळलेल्या हजार बिड्या घेऊन बायका रोज तिथं जात. शेठ त्यातल्या शंभर तरी ‘छाट’, म्हणजे खराब, म्हणून बाजूला काढायचे. त्यांची मजुरी मिळत नसे आणि बिड्याही परत मिळत नसत. त्या गुपचूप चांगल्या मालात जात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलायचं कुणी? काम गेलं तर चूल कशी पेटणार?

एके दिवशी त्यांच्यातल्या नरसव्वाच्या दीडशे बिड्या छाट निघाल्या. तिनं शांतपणे विचारलं, “शेठ, खरंच इतक्या वाईट आहेत?”

“फुकट दिल्या तरी कुणी ओढणार नाही.”

“मग तुमच्या नावाला बट्टा नको,” असं म्हणत तिनं त्या बिड्या टाकलेलं सूप उचललं आणि दाराजवळच्या पाण्याच्या बादलीवर तिरकं धरलं.

शेठ गादीवरून धडपडत उठले. “अगं थांब, माल आहे तो.”

“माल असेल तर मजुरी द्या. कचरा असेल तर भिजू द्या.”

रांगेतल्या बायका पदराआड हसल्या. शेठनी पूर्ण हजार बिड्यांची मजुरी दिली, आणि यापुढे छाट बिडी सगळ्यांसमोर बादलीत टाकायची, हेही कबूल केलं.

तेव्हापासून त्या कारखान्यात खराब बिडी क्वचितच निघते.